मशीन चालू आहे तोवर

३ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

मंगळवारी दुपारी साडेतीनला माझं आयुष्य बदललं. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण मी तिच्या डोक्यावरच्या घड्याळाकडे बघत होतो. तिच्याकडे बघायची हिंमत नव्हती.

फोनच करणार होतो, पण तुमचे कान गेल्यापासून फोन मामी उचलते आणि माझं निम्मं बोलणं गाळून तुम्हाला सांगते. यातलं काहीही गाळून चालणार नाही, म्हणून पत्र.

माझ्या खोलीखालीच धुलाईचं दुकान आहे. मालकिणीला सगळी गल्ली मावशी म्हणते, पण खरोखरीची मावशी ती एकीचीच. ही भाची इस्त्री करते, बटणं लावते, उसवलेलं शिवते आणि मशीनमध्ये कपडे घालते-काढते. दुकानाचं दार बिजागरीतून खचलंय. मूठ धरून वर उचललं तरच लागतं. मी मुद्दाम उचलत नाही. तसंच सोडतो, ते करकरत पुन्हा उघडतं, ती उठून लावायला येते आणि मी रस्त्यावरून वळून बघतो. चार महिने माझं एवढंच चाललंय. हसू नका.

दुकानात मशीन दोन. एक कधीच गेलं, त्याच्यावर आता घड्या ठेवतात. दुसरं माझ्याहून वयाने मोठं असावं. वरून झाकण उघडणारं, मधोमध पंख्यांचा खांब असलेलं. तुम्ही त्या खांबाला रवी म्हणता ना, तेच. मंगळवारी गेलो तर ती लाकडी दांड्याने आतले कपडे ढवळत होती. पाणी भरतं, मोटर गुरगुरते, पण कपडे ढिम्म हलत नाहीत, नुसते तरंगत राहतात. मावशी म्हणाल्या, तीन कारागीर बघून गेले, तिघेही म्हणाले मशीन संपलं. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, तिघांनाही काही येत नाही, मी इंजिनिअर आहे, मी करून दाखवतो. (तिसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं हे सांगायची ती जागा नव्हती.) तिने दांडा पाण्यातून काढला, निथळू दिला, माझ्या हातात दिला आणि म्हणाली, मग करा.

मामा, ते साडेतीन.

आता काय करू ते लगेच लिहा. बाबांना कळवू नका, त्यांना माझं नाव काढलं तरी अजून ठसका लागतो असं आई म्हणाली. कॉलेज सोडलं तरी तुम्ही माझ्यावरचा जीव काढून घेतला नाहीत. मशीन चालू होईपर्यंत तरी तो तसाच ठेवावा.

तुमचा,
काडेपेटी

⁂

११ फेब्रुवारी

चि. काडेपेटीस,
अ. उ. आ.

पत्र आधी मामीने वाचलं, मग मला मिळालं. तिचं मत असं की मशीन ठणठणीत आहे, बिघाड कारागिरात आहे. मी मशीनपुरतं लिहितो.

कॉलेजात सरांनी सगळ्यांसमोर तुझी वही फेकली म्हणून तू निघून आलास. वही त्यांनी फेकली, तीन वर्षं तू फेकलीस. हे मी उकरून काढत नाही, पण पाना हातात घेण्याआधी आठवावं म्हणून लिहितो. तू नेहमी पहिल्या दोन पायऱ्या सोडून तिसरीवर उडी मारतोस.

पहिली पायरी म्हणजे विचारणं. जो माणूस रोज मशीनमध्ये हात घालतो त्याला विचारायचं, मालकाला नाही. मशीन कसं चालायला हवं हे मालक सांगतो. कसं चालतं हे हात घालणारा सांगतो. केव्हापासून बिघडलं, कसं बिघडलं आणि तुम्हाला स्वतःला काय वाटतं, एवढे तीनच प्रश्न. तिसरा विसरायचा नाही. चाळीस वर्षांत मला निम्मे बिघाड त्या तिसऱ्या उत्तरात सापडले. मग तळहात. मशीन चालू असताना अंगाला हात लाव आणि डोळे मीट. कान गेल्यावर मी असाच ऐकतो, आणि खरं सांगतो, आधीपेक्षा बरं ऐकतो. शेवटी एकच ओला टॉवेल टाक, झाकणाची कळ बोटाने दाबून धर आणि आत बघ. रवीचा खालचा भाग पुढेमागे हलतोय आणि वरचा नुसता उभा आहे का? तेवढं कळव. तोवर काही उघडायचं नाही.

आणि एक लक्षात ठेव. जिवंत मशीनला मेलेलं म्हणायचं नाही. माझ्या भागीदाराने एकदा एका बाईचं चालण्यासारखं मशीन भंगारात काढायला लावलं. त्याच दिवशी त्याची हत्यारं मी माझ्या पेटीतून काढून त्याच्या हातात दिली. एकवीस वर्षांची भागीदारी होती. होण्यासारखं असेल तर होतं म्हणायचं, मग ते कुणाला आवडो न आवडो.

जेवणखाण वेळेवर कर. उत्तर सविस्तर लिही आणि आम्हा दोघा म्हाताऱ्यांची आठवण असू दे.

तुझा,
मामा

⁂

२० फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

रागावू नका. तुमचं पत्र यायच्या आधीच मी मागची पाठ उघडली होती. पट्टा ढिला दिसला, नवा आणून घातला, मशीन चालू झालं! मावशींनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या, ओल्या हातांनी, माझ्या चष्म्यावर शिंतोडे उडाले. ती इस्त्रीच्या टेबलापाशी होती. म्हणाली, चालू झालं का, आणि पडद्यामागे निघून गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. काही माणसांना आनंद चारचौघांत दाखवता येत नाही, मामा.

पाच दिवस चाललं. सहाव्या दिवशी पुन्हा तेच. तुमचं पत्र हातात घेऊन टॉवेल टाकला. तुम्ही इतक्या लांबून कसं ओळखलंत? रवीचा खालचा भाग पुढेमागे होतो आणि वरचा भाग पाहुण्यासारखा उभा राहतो. तळहातही ठेवला. मला काही कळलं नाही, फक्त हात गार पडला.

पहिल्या पायरीचं म्हणाल, तर मी मावशींना विचारलं. त्यांनी अर्धा तास सांगितलं, त्यात त्यांच्या मुलाच्या घराचा जिनाही आला. तिला विचारायला गेलो होतो, पण ती दातात दोरा धरून सुई ओवत होती आणि मी तसाच माघारी वळलो. मशीन दोघींचं एकच आहे, उत्तरही एकच असणार.

लवकर लिहा. ती पुन्हा दांडा घेऊन उभी राहते ते मला बघवत नाही. मामीला सांगा, बिघाड कारागिरात आहे हे कारागिराला मान्य आहे. दोघांचा हात डोक्यावर राहू द्या.

तुमचा,
काडेपेटी

⁂

२७ फेब्रुवारी

चि. काडेपेटीस,
अ. उ. आ.

पट्ट्याने काही झालं नव्हतं. उघडझाप करताना तू रवीवर थाप मारली असशील, झिजलेले दाते पाच दिवस पुन्हा अडकले असतील.

रवीचे दोन भाग असतात. खालचा पुढेमागे हलतो, वरचा एकाच दिशेने फिरून कपडे खाली ओढतो. दोघांच्या मध्ये बोटाच्या पेराएवढे चार दाते असतात. ते एका बाजूला सरकतात, दुसऱ्या बाजूला अडकतात. ते गुळगुळीत झाले की मोटर कितीही गुरगुरो, वरचा भाग हलत नाही. वरची टोपी काढ, आतला नट सोडव, रवी सरळ वर उचल, चारही झिजलेले दाते मला पाठव. हे मशीन बनवणं बंद होऊन जमाना झाला, बाजारात शोधू नकोस. मी नायलॉनच्या ठोकळ्यातून कापून कानसून देतो. हात थरथरतात, दिवस लागतील.

एक विचारायचं आहे. तू दोन पत्रं भरून लिहिलीस, त्यात तिचे शब्द सगळे मिळून पाच. मग करा. चालू झालं का. मी बहिरा आहे म्हणून मला कमी ऐकू येतं, तुझं काय? आणि पहिली पायरी राहिली आहे. मालक आणि हात घालणारा यांचं उत्तर एक कधीच नसतं.

मामी म्हणते, चष्मा पूस. आमच्यावरचा लोभ पत्र आल्यावरच कळतो, तेव्हा लिहीत राहा.

तुझा,
मामा

⁂

२१ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

झालं! तुमचे दाते असे बसले की जणू कारखान्यातून आलेत. टॉवेल टाकला, वरचा भाग टक-टक करत फिरला आणि टॉवेलला धरून खाली घेऊन गेला. मी ओरडलोच. समोरच्या न्हाव्याने अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक सोडून रस्ता ओलांडला आणि आत येऊन बघितलं. मावशी रडल्या. म्हणाल्या, आता हे दुकान माझ्या शेवटापर्यंत चालणार. गल्लीत मला आता इंजिनिअरसाहेब म्हणतात. बाबांना हे मात्र कळवा.

आणि मामा, ती माझ्याशी बोलली, आपण होऊन! विचारलं, असं मशीन आणखी किती वर्षं चालतं? मी छाती काढून म्हणालो, माझ्या मामांचे हात लागलेत, दहा वर्षं कुठे गेली नाहीत. ती माझ्याकडे बघत राहिली, इतका वेळ की हातातली इस्त्री एका शर्टाच्या कॉलरवर तशीच राहिली आणि कॉलर जळली. मावशी म्हणाल्या, अकरा वर्षांत पहिल्यांदा हिच्या हातून कापड जळलं.

तुम्हाला वेगळं सांगायला नको. माणूस कधी कापड जाळतो? डोक्यात दुसरं कुणी असतं तेव्हा. आता मी हिंमत धरून सरळ तिला विचारणार आहे. नोकरी म्हणावी अशी नाही, पण मावशी म्हणतात पुढेमागे दुकानाचं बघायला कुणीतरी हवंच. सगळं जुळून येतंय. दोघांचे आशीर्वाद हवेत, भरभरून.

तुमचा,
काडेपेटी

⁂

२८ मार्च

चि. काडेपेटीस,
अ. उ. आ.

आनंद वाचला. आता तुझंच पत्र तू पुन्हा वाच. कॉलरपाशी थांब.

मी एवढंच लिहिणार होतो, पण मामी म्हणते पोरगं आहे, जरा नीट लिहा. मग ऐक. जळलेल्या कॉलरचा अर्थ तू एका मिनिटात लावलास, जसा ढिल्या पट्ट्याचा लावला होतास. तिला काही विचारायचं असेल तर स्वतःबद्दल नको, आधी मशीनबद्दल विचार. ते तीन प्रश्न.

नायलॉन मऊ असतं. जड कपडे टाकू नका म्हणून मावशींना बजाव. राग माझ्यावर काढ, पण अबोला धरू नकोस.

तुझा,
मामा

⁂

२२ एप्रिल

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

महिनाभर लिहिलं नाही, कारण तुमच्या पत्राचा राग आला होता. आज लिहितो, कारण मशीन पुन्हा बसलं.

मावशींना बजावलं होतं. पण मशीन चालतंय म्हटल्यावर त्यांनी एका लॉजच्या रजया घ्यायला सुरुवात केली. रजई म्हणजे ओली झाल्यावर माणसाएवढी जड! दात्यांचा भुगा झाला, पाण्यावर पांढरी पूड तरंगत होती. मी मावशींवर खूप ओरडलो. ती मध्ये पडली, म्हणाली, जाऊ द्या, त्याचं वय झालं आहे. मी म्हणालो, वय झालं असेल, पण मी मरू देणार नाही. ती दांडा घेऊन पुन्हा ढवळायला लागली.

तिला अजून काहीच विचारलेलं नाही, तेही नाही आणि हेही नाही. प्रत्येक वेळी ठरवतो आणि दार तसंच उघडं सोडून येतो. ती येते आणि लावते.

आणखी एक संच करून द्या ना, मामा. शेवटचं मागतो. माझ्यावर रुसला नसाल अशी आशा धरून थांबतो.

तुमचा,
काडेपेटी

⁂

३० एप्रिल

चि. काडेपेटीस,
अ. उ. आ.

सोबत चार दाते पाठवतो. मामीने पिशवी शिवून त्यात घातलेत. हा शेवटचा संच आहे, हे मी बोलायचं म्हणून लिहीत नाही. तिसरा दाता कानसताना कानस दोनदा हातातून सुटली. चौथा मामीने पकडीत धरला आणि मी कानसला. यापुढे माझ्याकडून होणार नाही. या वेळी ठोकळा कडक घेतला आहे. रजया टाळल्या तर पाच-सहा वर्षं सहज जातील.

दाते बसवण्याआधी पहिली पायरी. या वेळी ती सोडलीस तर पुढचं पत्र लिहू नकोस. विचारलंस तर उत्तर काहीही येवो, कळव. तुझं सगळं पोटात घेणारे इथे दोघं आहेत.

तुझा,
मामा

⁂

९ मे

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

विचारलं.

मावशी डॉक्टरांकडे गेल्या होत्या. रवी काढून टेबलावर ठेवली होती, पिशवी माझ्या खिशात होती. ती एका कोटाचं अस्तर शिवत बसली होती. मी शाळेतल्या पोरासारखा उभा राहून तुमचे तीन प्रश्न विचारले. केव्हापासून, कसं, आणि तुम्हाला स्वतःला काय वाटतं. पहिल्या दोहोंची उत्तरं तिने चटकन दिली. तिसऱ्याला तिने सुई कापडात खोवली आणि म्हणाली, हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

पाच वर्षांची असल्यापासून तिला मावशींनी वाढवलं. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या गावच्या एका शिवणसंस्थेत तिची निवड झाली. कापणी आणि शिवणाचं पूर्ण शिक्षण, राहणं तिथेच. मावशी म्हणाल्या, मशीन चालू आहे तोवर दुकान, आणि दुकान आहे तोवर तू. ज्या दिवशी ते कायमचं बंद पडेल त्या दिवशी मी मुलाकडे जाईन, तू तुझ्या वाटेने जा. तिने शब्द दिला. मशीनला आपल्या हातून कधी इजा होणार नाही, असाही दिला. आणि दोन्ही पाळले. रोज गाळणी साफ केली, कपडे बेताने घातले. मला म्हणाली, दोन वर्षं मी त्याला आजारी माणसासारखं सांभाळलं, आणि दोन वर्षं रोज सकाळी कळ दाबताना मनात म्हटलं की आज लागू नकोस.

तीन कारागिरांनी मशीन संपलं असं सांगितलं होतं ना? त्या मंगळवारी दुपारी मावशी मुलाला पत्र लिहायला बसल्या होत्या. कागदावर तारीख घातली होती. तेवढ्यात मी आत शिरलो आणि म्हणालो, मी इंजिनिअर आहे.

माझं साडेतीन आणि तिचं साडेतीन एकच होतं, मामा. ती मग करा म्हणाली होती, ते कोणत्या आवाजात, ते मला आत्ता ऐकू येतंय.

मी म्हणालो, तुम्ही मला थांबवलं का नाही? ती म्हणाली, शब्द दिला होता. आणि तुम्ही इतके खूश होता. मग जरा हसली. म्हणाली, तुमचं काम चांगलं आहे, तेवढीच अडचण आहे. संस्थेचं यंदा शेवटचं पत्र आलंय, महिनाअखेर उत्तर हवंय. मी विचारलं, आता दाते बसवू नको म्हणता का? ती म्हणाली, मी काहीच म्हणणार नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. आणि सुई पुन्हा काढली.

एवढ्यात मावशी आल्या. चपला काढता काढताच विचारलं, काय म्हणतंय मशीन?

पिशवी खिशात होती. दहा मिनिटांचं काम होतं. मी म्हणालो, मावशी, मशीन मेलं.

त्यांनी विचारलं, आणि तुझे मामा? मी म्हणालो, मामांचे हात आता चालत नाहीत. हे खरं होतं, आणि त्या खऱ्याच्या आड मी माझं खोटं उभं केलं. मावशी मशीनजवळ गेल्या, झाकणावरून हात फिरवला, उगाचच पदराने ते पुसलं. मग माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, न्हावी सांगत होता तू कॉलेजही अर्ध्यावर टाकलंस म्हणून. मला तेव्हाच कळायला हवं होतं, हेही अर्ध्यावरच टाकणार.

एका वहीसाठी मी तीन वर्षं फेकली होती. या बोलण्यावर मी काय केलं असतं ते तुम्ही ओळखता. मी काही केलं नाही. पाने गोळा केले. ती कोटावरच वाकलेली होती. तिने वर बघितलं असतं तर मावशींना सगळं कळलं असतं, आणि तिला ते ठाऊक होतं. फक्त सुई थोडा वेळ थांबली, मग चालू झाली.

तिला जे विचारणार होतो ते विचारलं नाही. आता विचारलं असतं तर केल्याची भरपाई मागितल्यासारखं झालं असतं. ती जाईल. पत्र लिहील असं वाटत नाही. लिहावं तरी काय? मावशींचं दुकान मी बंद केलं. मुलाच्या घरी त्यांना जिन्याखालची खोली मिळणार आहे, हे मी मशीनचं विचारलं तेव्हाच त्या मला सांगत होत्या. मी ऐकत नव्हतो.

चारही दाते परत पाठवतो, न वापरलेले. तिसऱ्याच्या कडेला कानशीचा ओरखडा आहे, त्यावरून अंगठा फिरवत बसलो होतो. तुम्ही भागीदाराची हत्यारं पेटीतून काढलीत. माझं काय करायचं ते तुम्ही ठरवा. मी कारण सांगतोय, सूट मागत नाही. लोभ असू द्या असं या पत्राखाली लिहायची माझी हिंमत होत नाही. मामीचा असेल तर तेवढ्यावर भागवीन.

तुमचा,
काडेपेटी

ता. क. दाराचं लिहायचं राहिलं. पाने घेऊन निघालो तेव्हा सवयीने ते तसंच सोडणार होतो. मागे तिची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग मी बाहेरून मूठ धरली, दार वर उचललं आणि लावून घेतलं. एका दमात लागलं. तिला उठावं लागलं नाही.